नडगीचं देणं

गेल्या पावसाळ्यात माझा भाचा मोटारसायकलवरून घसरला. खालचा जबडा डाव्या अंगाला मोडला. डॉक्टरांनी पट्टी आणि स्क्रू लावून तो सांधला; पण जखमेत पू धरला, हाडाचा एक तुकडा निकामी होऊन काढून टाकावा लागला, आणि जबड्यात बोटाच्या पेराएवढी फट राहिली. चार महिन्यांनी पुन्हा शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी माझी थोरली बहीण, म्हणजे त्याची खाला, गावाहून त्याला बघायला आली. तोंडावर पट्टी असणार हे तिला माहीत होतं. पण चादर जरा सरकली आणि उजव्या गुडघ्याखालीही पट्टी दिसली, तसं तिचं अवसान गळालं. "पायालाही लागलं होतं, आणि माझ्यापासून लपवलंत?" भाच्याला नीट बोलता येत नव्हतं. त्यानं मोबाइलवर लिहून पडदा तिच्यापुढे धरला. लिहिलं होतं : "पायाला लागलं नाही. पायातून घेतलं."

घेतलं होतं ते हाड. नडगीच्या हाडातून काढून जबड्यातल्या फटीत भरलं होतं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून कागदावर चित्र काढून समजावलं. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस, कविता लिहितो. शरीरशास्त्राशी माझा संबंध हात-पाय दुखण्यापुरता. पण डॉक्टर बोलता बोलता म्हणाले, "हे एक प्रकारचं कलमच समजा," आणि मी कान टवकारले. आम्ही कोकणातली माणसं. कलम म्हटलं की आम्हाला लेखणीच्या आधी हापूस आठवतो.

श्रोतेहो, त्या दिवसापासून मी या हाडाच्या कलमाचा इतिहास जमेल तसा वाचत गेलो. नडगीनं जबड्याला हाड द्यायचं, ही गोष्ट माणसाच्या डोक्यात आली कशी? ते हाड तिथं रुजतं कसं? आणि देणाऱ्या पायाचं काय होतं? आज त्याबद्दलच बोलणार आहे.

सुरुवात बागेतूनच करू. आमच्याकडे कलमं बांधायची जुनी रीत म्हणजे भेट कलम. रायवळ आंब्याचं रोप कुंडीत घ्यायचं, हापूसच्या झाडाजवळ मांडवावर ठेवायचं. रोपाची आणि हापूसच्या फांदीची साल थोडी तासून दोन्ही अंगं एकमेकांना बांधायची. दोन-अडीच महिन्यांत सांधा जुळला की मगच ती फांदी मूळ झाडापासून कापायची. तोवर फांदीला रस आईकडूनच मिळतो. दुसरी रीत कोय कलमाची. तिच्यात हापूसची काडी आधीच कापून आणतात आणि कोयीतून फुटलेल्या कोवळ्या रोपावर बसवतात. काडीला मागचा आधार काही नाही. रुजली तर रुजली.

शरीराच्या कलमांचे प्रकारही नेमके हेच दोन. भेट कलमाचा एक प्रसिद्ध दाखला तर आपल्या पुण्यातलाच आहे. कावसजी नावाचा एक गाडीवान इंग्रजांच्या फौजेबरोबर होता. १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या सैन्याच्या हाती लागला. त्याचं नाक कापलं, एक हातही कापला. पुढे वर्षभरानं पुण्यात एका कुंभारानं त्याच्या कपाळाच्या कातडीचं नवं नाक घडवलं. कातडी कपाळावरून पूर्ण सोडवली नाही. भुवयांच्या मध्ये तिचा देठ राखून ती खाली वळवली. ही हकिगत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये १७९४ च्या ऑक्टोबरात चित्रासह छापून आली आणि युरोपातले शल्यविशारद चकित झाले. सुश्रुताच्या नावानं ज्ञात असलेली विद्या अशी एका कारागिराच्या हातात जिवंत राहिली होती.

पण ती विद्या कातडीची होती. कातडी लवचीक असते, वळते, ताणते. हाडाचं तसं नाही. हाडाला देठ राखून एका जागेवरून दुसरीकडे वळवता येत नाही. निदान पायाचं हाड देठासकट तोंडापर्यंत येणं शक्य नव्हतं. म्हणजे उरतं ते काडीसारखं तोडून आणणं. आणि तोडून आणलेलं हाड जगतं का, हाच दोन-अडीचशे वर्षं वादाचा प्रश्न होता.

अ‍ॅमस्टरडॅमच्या योब व्हान मेकेरन या शल्यविशारदाच्या १६६८ साली निघालेल्या ग्रंथात एक ऐकीव हकिगत आहे. रशियातल्या एका लढवय्याची कवटी फुटली होती. ते भोक कुत्र्याच्या कवटीचा तुकडा बसवून बुजवलं. माणूस बरा झाला, पण चर्चनं त्याला बहिष्कृत केलं. माणसाच्या डोक्यात कुत्र्याचं हाड कसं चालेल? बिचाऱ्यानं तो तुकडा काढून टाकायची विनंती केली. पण तोवर हाड इतकं पक्कं बसलं होतं की काढताच येईना. ही गोष्ट वाचून मला हसू आलं नाही. भाच्याच्या शेजारच्या खाटेवर एक गृहस्थ होते. हिरडीत भरायच्या तयार हाडाच्या भुकटीबद्दल त्यांनी डॉक्टरांना पहिला प्रश्न केला, "कुठल्या जनावराचं?" आजही अशी भुकटी बऱ्याचदा गाईगुरांच्या हाडांपासून करतात, आणि आपल्या देशात हा प्रश्न कुणीही, कुठल्याही धर्माचा माणूस विचारू शकतो. स्वतःच्या नडगीचं हाड घेतलं की तो प्रश्नच उरत नाही.

खरी वाट उघडली ती स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात. याच शहरात लिस्टरनं १८६५ नंतर कार्बोलिक आम्ल वापरून जखमा निर्जंतुक ठेवायला सुरुवात केली होती. त्याच्याच हाताखाली शिकलेला विल्यम मॅक्यूएन तिथल्या रॉयल इन्फर्मरीत काम करत होता. १८७८ मध्ये त्याच्याकडे तीन-चार वर्षांचा एक मुलगा आला. दंडाच्या हाडात पू होऊन ते जवळजवळ सगळं मरून गेलं होतं. मेलेलं हाड काढल्यावर हात वाचला, पण आत हाडच नाही. हात नुसता लोंबकळत होता.

आणि त्याच वॉर्डात मुडदूस झालेली मुलं होती. गिरण्या-कारखान्यांच्या धुरानं झाकोळलेलं शहर, उन्हाचं तोंड न बघितलेली, नीट खायला न मिळालेली मुलं. त्यांच्या नडग्या धनुष्यासारख्या वाकलेल्या असत. त्या सरळ करण्यासाठी मॅक्यूएन हाडाची पाचर कापून काढी. ती पाचर एरवी टाकूनच द्यायची. मॅक्यूएननं ती टाकली नाही. पाचरीचे छिनीनं बारीक तुकडे केले आणि त्या मुलाच्या दंडात ओळीनं मांडले. काही महिन्यांच्या अंतरानं, टप्प्याटप्प्यानं हे काम झालं. दंडाच्या हाडाचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग नव्यानं उभा राहिला. १८८१ साली त्यानं ही हकिगत लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली. तो मुलगा मोठा झाला आणि त्याच हातानं सुतारकाम करू लागला.

हाडाच्या कलमाच्या इतिहासात मॅक्यूएनचं नाव मोठं आहे, आणि ते असायलाच हवं. पण मला राहून राहून त्या वाकड्या पायांच्या मुलांची आठवण येते. गरिबीनं वाकवलेली त्यांची हाडं दुसऱ्या एका मुलाच्या दंडात सरळ उभी राहिली. नडगीचं देणं सुरू झालं ते तिथून.

आता मुख्य प्रश्न. दिलेलं हाड जगतं की मरतं? फ्रान्समधल्या ल्यों शहराच्या ऑलिए या शल्यविशारदाचं म्हणणं असं, की हाडावरचं पातळ आवरण हीच खरी हाड घडवणारी गोष्ट. आवरणासकट हाड लावलं तर ते जगतं. मॅक्यूएन म्हणे, आवरण नुसती वेस आहे. हाड हाडातूनच वाढतं. १८९३ मध्ये जर्मनीच्या आर्थर बार्टनं प्राण्यांवर प्रयोग करून तिसरंच सांगितलं. लावलेलं हाड मरतं, असं तो म्हणाला. मात्र मरून ते वाया जात नाही. आजूबाजूच्या जिवंत हाडातून रक्तवाहिन्या त्यात शिरतात, जुनं हाड कणाकणानं विरघळतं, आणि त्याच्या जागी त्याच आकाराचं नवं हाड भरत जातं. पुढच्या संशोधनानं या तिघांच्याही म्हणण्यात तथ्य असल्याचं दाखवलं. आवरणातल्या आणि हाडाच्या पृष्ठभागावरच्या काही पेशी तग धरतात, पण घट्ट हाडाचा बराचसा भाग मरतोच.

इथं आमच्या आंब्याची उपमा लंगडी पडते. हापूसची काडी रायवळावर जगली तर हापूस म्हणूनच जगते. हाडाचं तसं नाही. नडगीचा तुकडा जबड्यात जातो, तिथं तो हळूहळू नाहीसा होतो, आणि नाहीसा होता होता जबड्याच्या हाडाला वाट दाखवतो. विहीर बांधताना आतून लाकडी कैची उभी करतात, कमान पुरी झाली की ती काढून घेतात, तसं काहीसं. वर्ष-दोन वर्षांनी फोटो काढला तर तिथं जबडाच असतो.

आंब्याची उपमा लंगडी पडली तरी बागेचं नातं तुटत नाही, याची मला पुढच्याच माणसाकडे पोहोचल्यावर गंमत वाटली. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या एका शेतकरी घरात १८७६ मध्ये फ्रेड आल्बी जन्मला. त्याचे आजोबा फळझाडांवर कलमं करत. नातू लहानपणी ते बघत असे, हाताखाली काम करत असे. पुढे तो न्यूयॉर्कला अस्थिशल्यविशारद झाला. क्षयानं पोखरलेल्या पाठीच्या कण्याला आधार द्यायला त्यानं १९११ मध्ये नडगीच्या हाडाची पट्टी वापरली. आजोबा सालीत खाच पाडून काडी बसवत, तशी कण्यात खाच पाडून त्यानं ही पट्टी बसवली. छिनी-हातोडीनं हाड तडकतं म्हणून त्यानं विजेवर चालणारी करवत तयार केली. तिची दोन पाती समांतर फिरत, त्यामुळे पाहिजे त्या रुंदीची सरळ पट्टी निघे. १९१५ मध्ये त्याचं हाडाच्या कलमांवरचं पुस्तक निघालं. तोवर युरोपात महायुद्ध पेटलं होतं, आणि आल्बी फ्रान्सच्या लष्करी इस्पितळांतून आपली करवत घेऊन काम करत होता.

पहिलं महायुद्ध खंदकांतून लढलं गेलं. धड मातीच्या आड, डोकं तेवढं वर. लोखंडी टोप कवटी वाचवी, पण खालचा जबडा उघडाच. तोफगोळ्यांच्या तुकड्यांनी हजारो तरुणांचे जबडे उडाले. जबडा म्हणजे केवळ दात रोवायची जागा नव्हे. जिभेचं मूळ त्याच्या आतल्या बाजूला बांधलेलं असतं. जबड्याचा पुढचा भाग गेला की जीभ मागं घशात पडते. असा जखमी उताणा निजवला तर जागच्या जागी गुदमरतो. त्याला पुढं वाकवून बसवायचं किंवा पालथं न्यायचं, हे युद्धभूमीवरच्या डॉक्टरांना जीव गमावून शिकावं लागलं. जे वाचत, त्यांना चावता येत नसे, गिळता येत नसे, लाळ आवरत नसे, आणि बोलता येत नसे.

अशा माणसांसाठी दोन्ही बाजूंना खास इस्पितळं उभी राहिली. जर्मनीत ड्युसेलडॉर्फला ब्रून आणि लिंडेमान काम करत होते. फ्रान्समध्ये ल मान्स या गावचा देलाझेनिएर नडगीच्या आतल्या सपाट बाजूवरून आवरणासकट हाडाचा अगदी पातळ पापुद्रा काढायचा. तो पापुद्रा वाकवता येई, हे त्याचं वैशिष्ट्य. जबड्याच्या दोन टोकांवर असे पापुद्रे तो मांडायचा. इंग्लंडमध्ये सिडकपला १९१७ मध्ये क्वीन्स हॉस्पिटल उघडलं. न्यूझीलंडमध्ये जन्मलेला हॅरल्ड गिलीज तिथला प्रमुख शल्यविशारद. पाच हजारांवर सैनिकांवर तिथं अकरा हजारांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. दंतवैद्य आणि शल्यविशारद एकाच मेजापाशी उभे राहून काम करू लागले ते याच काळात. हाड आणि दात दंतवैद्यानं सांभाळायचे, मांस-कातडी शल्यविशारदानं. त्या गावच्या रस्त्यावर काही बाकं निळी रंगवलेली असत, असं सांगतात. या बाकावरच्या माणसाचा चेहरा बघून दचकाल, अशी ती गावकऱ्यांना सूचना.

जबड्यात हाड लावणं दंडात लावण्यापेक्षा फार अवघड. तोंड हे जंतूंचं घर. तोंडाच्या आतून कलमाला लाळ लागली की ते सडलंच. म्हणून आधी जखम पूर्ण भरू द्यायची, पू थांबल्यावरही काही महिने वाट बघायची. दरम्यान उरलेले दात धातूच्या चौकटीनं बांधून जबड्याची दोन्ही टोकं आपापल्या जागी धरून ठेवायची, नाहीतर ती आतल्या बाजूला ओढली जातात. मग गळ्याच्या बाजूनं, तोंड न उघडता, टोकांपर्यंत पोहोचायचं, ती खरवडून ताजी करायची आणि मध्ये नडगीची पट्टी बसवायची. पुढे कित्येक आठवडे दातखीळ बसल्यासारखं तोंड बांधलेलं. पातळ पेज, सूप, दूध. माणूस महिनोन्‌महिने मुका.

नडगीच का? तर तिची आतली बाजू कातडीच्या लगेच खाली असते. तुम्ही आत्ता बसल्या जागी हात लावून पाहा; मध्ये स्नायू नाही, चरबी नाही. म्हणून तर पलंगाच्या कडेला नडगी आपटली की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. शल्यविशारदाला तिथं पोहोचायला मिनिटंही लागत नाहीत. हाड लांब, सरळ, भक्कम; हवी तेवढी पट्टी मिळते. आणि तोंडाजवळ एक जण काम करत असताना पायाजवळ दुसरा काम करू शकतो.

पण देणाऱ्याला देणं महाग पडत होतं. जाड पट्टी काढलेली नडगी कमकुवत होई. पाय प्लास्टरमध्ये ठेवावा लागे, आणि तरी काहींची नडगी नंतर मोडे. चेहऱ्यासाठी इस्पितळात आलेला सैनिक पायानं अधू व्हायचा. शिवाय नडगीचं वरचं कवच दगडासारखं घट्ट. त्यात रक्तवाहिन्या शिरायला फार वेळ लागे, आणि तेवढ्यात जंतूंनी गाठलं तर सगळी मेहनत पाण्यात. जबडा गोल, नडगी सरळ, हीही अडचण होतीच. लिंडेमान आणि इतरांनी मग कमरेच्या हाडाकडे मोर्चा वळवला. त्या हाडाला मुळातच बाक असतो, आणि पातळ कवचाखाली ते स्पंजासारखं जाळीदार असतं. दुसऱ्या महायुद्धात रेन्सफर्ड मोलेमनं १९४४ मध्ये दाखवून दिलं की, अखंड पट्टीपेक्षा कमरेच्या जाळीदार हाडाचा बारीक चुरा जास्त लवकर रुजतो, जंतूंपुढेही जास्त टिकतो. नडगी मागं पडली. मला मात्र मॅक्यूएनची आठवण झाली. त्यानंही साठ-पासष्ट वर्षांपूर्वी बारीक तुकडेच मांडले होते.

इथं थोडं थांबून घरची एक गोष्ट सांगतो. माझे मामू गावच्या प्राथमिक शाळेत शिक्षक होते. मराठीचे उच्चार त्यांच्याइतके स्वच्छ मी कुणाचे ऐकले नाहीत. फळ्यावर वर्ण लिहून ते म्हणत, "प फ ब भ म. हे ओष्ठ्य. ओठाला ओठ भेटल्याशिवाय निघत नाहीत. म्हणून बघा, आई असो की अम्मी, तिच्या नावात ओठ मिटावा लागतो." मग कुणीतरी म्हणे, "सर, आईमध्ये कुठं मिटतो?" मामू हसत, "मिटत नाही, म्हणून तर अम्मी जास्त गोड!" सगळा वर्ग हसे. हिंदू मुलं घरी जाऊन आईला हे सांगत, आणि दुसऱ्या दिवशी आयांचं उत्तर घेऊन येत.

मामूंना पानात तंबाखू लागे. १९८१ साली, मी अकरा वर्षांचा असताना, त्यांना तोंडाचा कर्करोग झाला. मुंबईत शस्त्रक्रिया झाली. जबड्याचा पुढचा भाग काढला, मागून किरणोपचार झाले. जीव वाचला. पण हनुवटी नव्हती. खालच्या ओठाला आधार राहिला नाही, तो लोंबे. खांद्यावर कायम टॉवेल. ओठाला ओठ भेटत नव्हता, म्हणजे प नाही, ब नाही, म नाही. ज्या हाकेनं आम्ही त्यांना बोलावायचो, त्या 'मामू' शब्दात दोन म. तो शब्दही त्यांना उच्चारता येत नव्हता. शाळा त्यांनी सोडली. आमच्याशी पाटीवर लिहून बोलत. अक्षर शेवटपर्यंत मोत्यासारखं होतं. तीन वर्षांनी ते गेले.

त्यांच्या पायात हाड होतं. मग तेव्हा कुणी ते का लावलं नाही? भाच्याच्या डॉक्टरांना मी हे विचारलं. ते म्हणाले, कलमाला जमीन जिवंत लागते. किरणोपचारांनी कर्करोगाबरोबर आसपासच्या बारीक रक्तवाहिन्याही जळतात. अशा जागी तोडून आणलेलं हाड बहुतेक वेळा टिकत नसे. काडी चांगली असून काय उपयोग, खालचं रोपच सुकलेलं असेल तर?

त्याचं उत्तर मिळालं ते नडगीच्या शेजारणीकडून. पायात नडगीच्या बाहेरच्या अंगाला एक बारीक लांब हाड असतं. चालताना शरीराचा भार त्याच्यावर फार थोडा येतो. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या इयन टेलरनं १९७५ मध्ये हे हाड त्याच्या रक्तवाहिन्यांसकट काढून, सूक्ष्मदर्शकाखाली त्या वाहिन्या दुसऱ्या जागी जोडून दाखवलं. ते पायासाठी होतं. १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या डेव्हिड हिडाल्गोनं तेच हाड खाचा पाडून, वाकवून, जबडा म्हणून बसवल्याचं प्रसिद्ध केलं. हे म्हणजे काडी न आणता मुळांसकट रोप उपटून आणून लावणं. ते मरत नाही. आल्या दिवसापासून त्यात रक्त वाहतं. मामू जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती.

आज कर्करोगानं मोठा जबडा गेला तर बहुधा हीच शस्त्रक्रिया करतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या इस्पितळांत ती नित्याची झाली आहे. नित्याची व्हावी लागली, हेही खरं. आपल्याकडे पुरुषांच्या कर्करोगांत तोंडाचा कर्करोग अगदी वरच्या क्रमांकावर आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पण बंदी कागदावर किती आणि टपरीवर किती, हे तुम्ही-आम्ही रोज बघतो. शस्त्रक्रिया कितीही पुढं जावो, तिच्यासाठी दहा-बारा तास मेजावर पडून राहावं लागतं, पायातलं एक हाड द्यावं लागतं, आणि एवढं करून मिळणारा जबडा हा देवानं दिलेल्या जबड्याच्या जवळपासचाच असतो.

लहान फटींसाठी मात्र नडगी परत आली, पण नव्या रीतीनं. या वेळी मधली घट्ट पट्टी नको, गुडघ्याजवळचं आतलं जाळीदार हाड हवं. गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला बोटाला एक उंचवटा लागतो; एकोणिसाव्या शतकातल्या झेर्दी या फ्रेंच शल्यविशारदाच्या नावानं तो ओळखला जातो. तिथं दोन-तीन सेंटिमीटरची चीर, हाडाच्या कवचाला सेंटिमीटरभराची खिडकी, आणि लांब दांड्याच्या चमच्यानं आतलं हाड खरवडून घ्यायचं. ओल्या लालसर भरड रव्यासारखं ते दिसतं. पंचवीस घन सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे चहाचे पाच चमचे भरतील एवढं ते मिळतं. कधी त्याहून जास्तही. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या अस्थिशल्यविशारदांनी अशा २३० प्रसंगांचा आढावा घेतला, तर त्रास झालेले प्रसंग १.३ टक्के निघाले. पुढच्याच वर्षी जबड्याच्या शल्यविशारदांनी ही रीत उचलली. कमरेचं हाड घेतलं की रोगी कित्येक दिवस कमर धरून चालतो; इथं तो लवकर उभा राहतो. वाढत्या वयाच्या मुलांत मात्र ही जागा सहसा टाळतात, कारण पायाची उंची जिथून वाढते तो थर तिथंच असतो. आणि मोठ्यांनाही काही आठवडे उड्या मारणं, धावणं, फुटबॉल वर्ज्य.

माझ्या भाच्याला तीन चमचे हाड पुरलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो काठी घेऊन वॉर्डात चार पावलं चालला. सहा आठवडे पातळ खाऊन काढले. सहा महिन्यांनी फोटोत फट दिसेनाशी झाली. डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, "बघा, आता कुठलं हाड कुठलं, मलाही सांगता येणार नाही."

खाला अजून त्याला विचारते, पाय दुखतो का. तो दुखत नाही म्हणतो. परवा मात्र मला फोन केला होता. खालचा ओठ एका बाजूला अजून थोडा बधिर आहे, त्यामुळे शब्द जरा जड येतात, पण येतात. म्हणाला, "मामू, तुम्हालाच सांगतो, अम्मीला सांगू नका. जिना उतरताना नडगीत अजून कळ येते."

मी म्हटलं, "येऊ दे. जरा सावकाश उतर."

मग बराच वेळ मी फोन हातात धरून बसलो होतो. त्यानं मामू म्हटलं होतं, आणि त्यातले दोन्ही म मला स्पष्ट ऐकू आले होते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)